कांदा जळत नाही, काडी कुजत नाही : जैवभारापासून ऊर्जा कशी मिळते

ऑक्टोबरच्या सुमारास नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी किंवा चांदवडच्या बाजूला गेले, की द्राक्षबागांच्या बांधांवर छाटलेल्या काड्यांचे ढीग दिसतात आणि त्यांतले काही संध्याकाळी पेटलेलेही असतात. त्याच रस्त्याने दोन-तीन महिने आधी, पावसाळ्यात गेलेल्या माणसाला साठवणीच्या कांदाचाळीतून काढून रस्त्याकडेला ओतलेला सडका कांदा दिसलेला असतो, किंबहुना दिसण्याआधीच त्याचा वास आलेला असतो. हे दोन्ही ढीग पाहून एकच प्रश्न हमखास विचारला जातो, की एवढा माल वाया जातो, मग त्यापासून वीज किंवा गॅस का करत नाहीत? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर दोन्ही ढिगांना सारखे लागू पडत नाही, आणि ते का पडत नाही हे समजले म्हणजे जैवभारापासून ऊर्जा मिळवण्याचा बहुतेक विषय समजला असे म्हणता येईल.

जैवभार, म्हणजे ज्याला सरकारी कागदांत आणि बोलण्यातही सर्रास बायोमास म्हणतात, तो मुळात साठवलेले ऊन असतो. वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांवाटे आलेले पाणी घेऊन उन्हाच्या जोरावर साखर तयार करते, आणि त्या साखरेच्या लांबच लांब साखळ्या जोडून आपले खोड, पान, फळ घडवते. उसाचे चिपाड, भाताचे तूस, कपाशीच्या पळाट्या, हॉटेलातले खरकटे, गाईचे शेण ही सगळी त्याच उन्हाची वेगवेगळी रूपे आहेत. दगडी कोळसाही त्याच कुळातला, फक्त त्याचे ऊन कोट्यवधी वर्षांपूर्वीचे आहे.

पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की उन्हात चांगले वाळवलेले सरपण आणि आपल्या औष्णिक वीजकेंद्रांत जळणारा देशी कोळसा यांच्यातल्या उष्णतेत फारसे अंतर नाही. वाळलेल्या जैवभाराच्या एका किलोतून साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. देशी कोळशात राखेचे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत असल्याने तोही बहुतेक वेळा याच पट्ट्यात येतो. मग कोळशाचे एवढे महत्त्व कशाला? कारण तो जमिनीखाली एका जागी साठलेला असतो, वजनाच्या मानाने जागा कमी व्यापतो आणि बाराही महिने मिळतो. जैवभार यांपैकी एकाही बाबतीत त्याची बरोबरी करत नाही. त्याची अडचण उष्णतेची नाही. ती पाण्याची, अंतराची आणि हंगामाची आहे.

आधी पाण्याचे पाहू. कांद्यात वजनाच्या ८६ ते ८८ टक्के पाणीच असते. एक टन सडका कांदा भट्टीत घातला तर त्यात सुका भाग जेमतेम १३० किलो निघेल आणि त्याची एकूण उष्णता सुमारे ५ लाख किलोकॅलरी भरेल. उरलेले ८७० किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला मात्र किलोमागे ६०० किलोकॅलरींहून अधिक, म्हणजे सव्वापाच लाखांच्या वर उष्णता खर्च होईल. आपल्याजवळ असलेली सगळी उष्णता स्वतःला वाळवण्यात घालवूनही कांदा कोरडा होणार नाही, मग दुसऱ्या कोणाला ऊब देणे दूरच. हे गणित कागदावर न मांडताही ओल्या सरपणाचा धूर डोळ्यांत गेलेल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते.

द्राक्षाची काडीही छाटणीच्या दिवशी निम्मी पाण्याचीच असते, पण तिची गोष्ट वेगळी आहे. दोन-तीन आठवडे उन्हात पसरून ठेवली की तिच्यातले पाणी फुकटात उडून जाते आणि उत्तम सरपण हाती राहते. कांदा तसा पसरला तर वाळण्याआधी सडतो. याच्या उलट, काडी पाण्याच्या टाकीत महिनाभर बुडवून ठेवली तरी तिचे काही बिघडत नाही, कारण तिच्यात लिग्निन नावाचा, लाकडाला ताठपणा देणारा पदार्थ असतो आणि हवा नसलेल्या टाकीतल्या जिवाणूंना तो पचत नाही. तेव्हा पहिली वाटणी निसर्गानेच करून ठेवलेली आहे. जे कोरडे आणि लाकडी आहे त्याची वाट भट्टीकडे जाते. जे ओले आणि मऊ आहे ते बंद टाकीत, जिवाणूंच्या हवाली करावे लागते.

भट्टीचा मार्ग दिसायला सोपा असला तरी त्यात बारकावे आहेत. लाकूड पेटते तेव्हा आधी त्यातले उरलेसुरले पाणी उडते, नंतर उष्णतेने त्याचे वायू सुटू लागतात आणि शेवटी कोळसा होऊन तो मंद जळतो. वाळलेल्या जैवभाराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वायुरूपाने सुटतो आणि ज्वाला दिसते ती याच वायूंची. त्यांना जळायला जागा, वेळ आणि भट्टीच्या वरच्या भागात पुरेशी हवा मिळाली नाही, तर ते न जळताच बाहेर पडतात, आणि त्यालाच आपण धूर म्हणतो. बांधावरचा पेटलेला ढीग एवढा धुमसतो याचे कारण हेच आहे. त्याच काड्या नीट बांधलेल्या बॉयलरमध्ये जवळजवळ धूर न करता जळतात.

बॉयलरमधली उष्णता कशासाठी वापरायची, यावर सगळा हिशेब अवलंबून असतो. नुसती वाफ हवी असेल, म्हणजे कापड रंगवायचे असेल, दूध तापवायचे असेल किंवा औषधांच्या कारखान्यात काही सुकवायचे असेल, तर इंधनातल्या उष्णतेपैकी ७० ते ८० टक्के कामी येते. त्याच वाफेवर छोटे टर्बाइन फिरवून नुसती वीज करायची ठरवली, तर हे प्रमाण २० ते २५ टक्क्यांवर घसरते; उरलेली उष्णता वाफ थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून हवेत जाते. म्हणजे एका युनिट विजेला साधारण सव्वा किलो वाळका माल लागतो. माझे स्वतःचे मत असे आहे, की जिथे जवळपास कोणाला वाफेची गरज आहे तिथे जैवभाराची नुसती वीज करणे ही उधळपट्टी आहे. नाशिकच्या सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या बॉयलरला ब्रिकेट पुरवणे हे दिसायला वीजनिर्मितीइतके भव्य नसले, तरी त्याच मालातून तिपटीने उपयोग काढणारे आहे.

ब्रिकेट, म्हणजेच ज्याला व्यापारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात, ती काही जादू नव्हे. भुसा, भुईमुगाची टरफले, तुराट्या, सोयाबीनचे कुटार असा माल बारीक करून, ओल दहा टक्क्यांच्या आसपास आणून प्रचंड दाबाखाली साच्यातून काढला की घर्षणाने तो तापतो, त्यातले लिग्निन मऊ होते आणि तेच डिंकाचे काम करते. वेगळा चिकटवणारा पदार्थ घालावा लागत नाही. सुट्या भुश्याचे किंवा काडाचे घनमीटरमागे वजन १०० किलोच्या आत-बाहेर असते; दाबलेल्या गोळीचे, म्हणजे पेलेटचे, ६०० ते ७०० किलो भरते. उष्णता तेवढीच राहते, पण ट्रकमध्ये मावते सहा-सात पट.

वाफ आणि वीज दोन्ही एकदमच हवी असणारा एक उद्योग मात्र महाराष्ट्रात आधीपासून होता, तो म्हणजे साखर कारखाना. त्याच्याकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण या देशात जैवभारावर चालणाऱ्या वीजनिर्मितीचा मोठा हिस्सा चिपाडावरच उभा आहे आणि त्यात महाराष्ट्र आघाडीवर आहे. एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो चिपाड उरते. त्यात निम्मे पाणी असते, तरीही ते जळते, कारण उरलेल्या निम्म्या सुक्या भागाची उष्णता ते पाणी उडवून भरपूर शिल्लक राहते. रोज अडीच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात म्हणजे दिवसाला ७०० टन इंधन आपोआप, वाहतुकीचा वेगळा पैसा न देता, थेट बॉयलरच्या तोंडाशी येऊन पडते. ऊस आणण्याचा खर्च साखरेने आधीच उचललेला असतो.

पूर्वीच्या कारखान्यांत २१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतक्या बेताच्या दाबाचे बॉयलर असत. कारखान्याची गरज भागवून चिपाड संपवणे हाच त्यांचा हेतू होता, कारण उरलेल्या चिपाडाचा ढीग सांभाळणे ही डोकेदुखी होती. नंतर ६७, ८७, ११० अशा चढत्या दाबाचे बॉयलर आले. दाब आणि तापमान वाढवले की तेवढ्याच चिपाडातून टर्बाइनला अधिक काम करता येते. टर्बाइन फिरवून झाल्यावर दाब उतरलेली वाफ वाया न घालवता उसाचा रस आटवायला वापरतात. एकाच वाफेकडून आधी वीज आणि मग उष्णता अशी दोन कामे करून घेण्याच्या या पद्धतीला सहवीजनिर्मिती म्हणतात. चांगल्या उच्चदाब संचावर एका टन उसामागे १०० युनिटांहून अधिक वीज होते. कारखान्याला स्वतःला लागते ती वजा जाता बरीचशी ग्रीडला विकता येते. अडचण हंगामाची आहे. गाळप चार-पाच महिने चालते आणि मग एवढा महागडा संच चिपाडाचा साठा संपला की दुसऱ्या इंधनाची वाट पाहत बसतो.

कोरडा माल जाळण्याऐवजी त्याचा वायू करण्याचीही एक पद्धत आहे. भट्टीत हवा मुद्दाम अपुरी सोडली की लाकूड पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन व थोडा मिथेन असलेला, म्हणजे स्वतः जळू शकणारा वायू बाहेर येतो. त्याला प्रोड्यूसर गॅस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा युरोपात मोटारींच्या पाठीवर अशा भट्ट्या बसवून गाड्या चालवल्या गेल्या. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत यावर पुष्कळ काम झाले. फलटणला तर उसाच्या पाचटावर चालणारी भट्टी तयार केली गेली. या वायूत निम्मा नायट्रोजन असल्याने त्याची उष्णता घनमीटरमागे हजार-अकराशे किलोकॅलरीच असते, आणि त्याच्याबरोबर येणारे डांबर इंजिनात जाऊन बसते. ते डांबर गाळून काढण्याची कटकट रोजची असल्याने लहान संच सुरू होतात उत्साहात आणि बंद पडतात मुकाट्याने.

जाळण्याच्या मार्गात राखही आडवी येते. लाकडाच्या मानाने पिकांच्या काडांत पोटॅशियम आणि क्लोरीन जास्त असते. भट्टीच्या उष्णतेत त्यांचे क्षार वितळतात, बॉयलरच्या नळ्यांवर खंगरासारखे थर धरतात आणि नळ्यांचा धातूही खातात. भाताचे तूस जाळले तर १५ ते २० टक्के राख उरते आणि तिच्यात बहुतांश सिलिका असते, जी पंख्याची पाती कागदासारखी झिजवते. कोळशासाठी बांधलेल्या बॉयलरमध्ये असा माल सरसकट ओतता येत नाही तो यामुळे.

थोडासा मिसळता मात्र येतो. औष्णिक केंद्रांनी कोळशाबरोबर ५ टक्के जैवभाराच्या गोळ्या जाळाव्यात असे केंद्र सरकारचे धोरण आहे. त्यासाठी ‘समर्थ’ नावाचे अभियानही सुरू झाले. याचा अर्थ आपल्या नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या केंद्रापुरता काढून पाहू. तिथे प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, म्हणजे एकूण ६३० मेगावॅट. ते सगळे पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला दीड कोटी युनिट वीज होईल आणि युनिटमागे ६५० ते ७०० ग्रॅम धरले तर सुमारे १० हजार टन कोळसा लागेल. त्याचे ५ टक्के म्हणजे ५०० टन गोळ्या झाल्या, रोजच्या रोज, पंचवीस-तीस ट्रक भरून. शेतातून गोळा करणे, वाळवणे, बारीक करणे, दाबणे ही सगळी साखळी एवढ्या मालासाठी उभी करायची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ‘फक्त ५ टक्के’ मधला ‘फक्त’ गळून पडतो.

आता ओल्या मालाकडे वळू. आमच्या घरी परसात गोबरगॅसची टाकी होती, लोखंडी झाकण वर-खाली होणारी. सकाळी शेण आणि पाणी सारख्या मापाने कालवून आत सोडायचे आणि झाकण किती वर आले आहे त्यावरून दुपारच्या भाकरी होतील की नाही याचा अंदाज बांधायचा. डिसेंबर-जानेवारीत मात्र ते झाकण हट्टाने खालीच बसे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. निफाडच्या त्या थंडीने टाकीतल्या जिवाणूंचीही गात्रे गारठत असत, हे मला फार नंतर समजले.

टाकीच्या आत चालते ते पचनच आहे, आणि ते एका प्रकारच्या जिवाणूंचे काम नव्हे. पहिली टोळी मोठे रेणू तोडून त्यांची साखर आणि तत्सम लहान पदार्थ करते, दुसरी त्यांची आम्ले करते, तिसरी त्या आम्लांचे प्रामुख्याने ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, आणि हायड्रोजन करते, आणि चौथी ते खाऊन मिथेन सोडते. हे सगळे हवेवाचून व्हावे लागते, कारण शेवटच्या टोळीला ऑक्सिजन विषासारखा आहे. हीच टोळी सर्वांत हळू वाढते आणि सर्वांत नाजूक असते. तिला ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते आणि १५ अंशांखाली ती जवळजवळ संपावर जाते. टाकीत एकदम भरपूर गोड किंवा पिठूळ माल ओतला, तर पहिल्या टोळ्या झपाट्याने आम्ल करतात, चौथीला ते संपवता येत नाही आणि टाकी आंबट होऊन बंद पडते. माणसाने लग्नाच्या पंगतीत जेवून आजारी पडावे तसेच हे आहे, आणि उपायही तोच, काही दिवस लंघन.

निघणाऱ्या वायूत ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. २५ किलो शेणापासून साधारण एक घनमीटर वायू मिळतो. चार-पाच जनावरांचे ५० किलो शेण रोज घातले तर दोन घनमीटर होतो, आणि महिन्याला सुमारे पावणेदोन सिलिंडरांइतके काम त्यात भागते. शेण टाकीत ३० ते ४० दिवस राहावे लागते, म्हणून टाकी मोठी बांधावी लागते. खादी ग्रामोद्योग आयोगाने पसरवलेली तरंगत्या झाकणाची टाकी, आणि १९८० च्या दशकात आलेली, पूर्ण जमिनीखाली असणारी, विटांच्या घुमटाची ‘दीनबंधू’ टाकी हे आपल्याकडचे दोन जुने नमुने होत. दुसरीत गंजायला काही नसते आणि जमिनीत पुरलेली असल्याने ती थंडीतही थोडी तग धरते.

पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी या सगळ्याकडे वेगळ्या बाजूने पाहिले. शेण म्हणजे गाईने आधीच पचवून उरलेला चोथा आहे. त्यातला सकस भाग गाईने काढून घेतलेला असतो. मग जिवाणूंना उष्टे-पाष्टे देण्यापेक्षा थेट अन्नच का देऊ नये? पिठूळ किंवा साखरयुक्त टाकाऊ अन्न घातले तर थोड्याशा मालावर, लहान टाकीत, एक-दोन दिवसांत वायू मिळतो असे त्यांनी दाखवले, आणि घराच्या गच्चीवर मावेल अशी टाकी त्यातून तयार झाली. या कामासाठी संस्थेला शाश्वत ऊर्जेच्या कामाबद्दल दिला जाणारा ॲशडेन पुरस्कार २००६ मध्ये मिळाला. त्याआधी २००२ मध्ये उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामाबद्दलही तो मिळाला होता.

नाशिक शहरात याच तत्त्वावर महापालिकेचा एक प्रकल्प विल्होळीजवळ खतप्रकल्पाच्या परिसरात उभा राहिला, २०१७ मध्ये, जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेच्या साहाय्याने. हॉटेलांतला ओला कचरा आणि शौचालयांच्या टाक्यांतला मैला असा दोन्ही मिळून दिवसाला ३० टन माल घेऊन सुमारे ३,३०० युनिट वीज करावी अशी त्याची आखणी होती. दोन गोष्टी एकत्र का, हा प्रश्न साहजिक आहे. मैल्यात नायट्रोजन भरपूर आणि ऊर्जा कमी असते, तर खरकट्यात ऊर्जा भरपूर असते पण ते पटकन आंबते. जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन यांचे २० ते ३० ला एक असे प्रमाण मानवते, आणि या जोडीत ते साधणे सोपे जाते. अशा कोणत्याही प्रकल्पाचे खरे मर्म यंत्रात नसून कचरा वेगळा करण्यात असते. खरकट्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या, चमचे आणि काचा आल्या की आधी पंप अडकतो आणि मग सगळेच थांबते.

कांद्याचे काय होईल? एक टन सडक्या कांद्यापासून, टाकी नीट चालली तर, ५० घनमीटरच्या आसपास वायू मिळायला हवा, म्हणजे शेणापेक्षा थोडा अधिकच. पण कांद्यात गंधक असते, तेच जे डोळ्यांत पाणी आणते. टाकीत त्याचे हायड्रोजन सल्फाइड होते, ज्याला सडक्या अंड्याचा वास असतो आणि जे इंजिनाचे सुटे भाग खाऊन टाकते. वायू लोखंडाच्या कीसातून किंवा अन्य रीतीने धुऊनच वापरावा लागतो. शिवाय कांदा लवकर आंबतो, तेव्हा शेणाबरोबर मिसळून घालणे बरे. कॅलिफोर्नियातल्या गिल्स अनियन्स या कांदा सोलणाऱ्या कंपनीने २००९ पासून पापुद्र्यांचा आणि देठांचा रस काढून त्याच्या बायोगॅसवर वीज करायला सुरुवात केली, आणि उरलेला चोथा जनावरांना घातला. तिथे हे जमले, कारण तो कचरा रोज, बारा महिने, एकाच फाटकाच्या आत तयार होत होता. लासलगाव-पिंपळगावच्या पट्ट्यात कांदा सडतो तो हजारो चाळींत विखरून, आणि तोही जून ते ऑक्टोबर या काळात. जिवाणूंना उरलेले सात महिने काय खाऊ घालायचे, याची सोय केल्याशिवाय केवळ कांद्यावर टाकी बांधणे म्हणजे फक्त पावसाळ्यात चालणारी खाणावळ काढण्यासारखे होईल. खरे तर साठवलेला कांदा वाया जाऊ न देणे हेच पहिले काम, आणि किरणांचा मारा करून कांद्याला मोड येणे रोखणारे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ विकिरण केंद्र लासलगावातच आहे.

वायूतला कार्बन डायऑक्साइड आणि गंधक काढून मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेला आणि तो दाबून टाक्यांत भरला, की त्याला कॉम्प्रेस्ड बायोगॅस म्हणतात. रिक्षा-मोटारींतल्या सीएनजीच्या जागी तो तसाच चालतो. तेल कंपन्यांनी तो विकत घ्यावा यासाठी २०१८ मध्ये ‘सतत’ योजना आली, आणि आता शहरांत पुरवल्या जाणाऱ्या गॅसमध्ये तो २०२५-२६ पासून १ टक्का आणि टप्प्याटप्प्याने २०२८-२९ पर्यंत ५ टक्के मिसळण्याचे बंधन आहे. साखर कारखान्यांतला प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, हा त्यासाठी आवडता कच्चा माल झाला आहे, कारण तो ओला असतो, एका जागी मिळतो आणि जळणाच्या कामाचा नसतो.

वारंवार येणारा ‘एका जागी’ हा शब्द टाळता येत नाही. एक मेगावॅटचे छोटे वीजकेंद्र दिवसाला २४ हजार युनिट करते आणि त्याला रोज ३० टन वाळका माल लागतो. सुट्या काड्यांची ट्रॅक्टरची ट्रॉली जागेने भरते पण वजनाने दीड-दोन टनांपलीकडे जात नाही, म्हणजे दिवसाला पंधरा ते वीस फेऱ्या झाल्या, वर्षभर. शेतकऱ्याला काड्यांचा भाव द्यायचा, मजुराला गोळा करण्याचे द्यायचे, ट्रॅक्टरचे डिझेल जाळायचे आणि छाटणी एप्रिलला व ऑक्टोबरलाच होत असल्याने मधल्या महिन्यांसाठी गंजी रचून त्या पावसापासून आणि आगीपासून सांभाळायच्या. पंचवीस-तीस किलोमीटरांपलीकडे गेले की हे गणित बहुधा फसते. देशात पिकांचा वापरून शिल्लक राहणारा जैवभार वर्षाला सुमारे २३ कोटी टन आहे आणि त्यापासून २८ हजार मेगावॅट वीज होऊ शकते, असा केंद्रीय मंत्रालयाने करून घेतलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. तो आकडा वाचताना तो माल एका ढिगात नसून लाखो बांधांवर पसरलेला आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ही ऊर्जा स्वच्छ आहे का, याचेही उत्तर ‘हो, पण’ असेच द्यावे लागते. काडी जळताना जो कार्बन डायऑक्साइड सुटतो तो तिने त्याच किंवा मागच्या वर्षी हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढच्या बहारात वेल तो परत घेते. कोळशाच्या बाबतीत असा परतीचा मार्ग नाही. हे खरे असले तरी जंगल तोडून भट्टीत घातले तर ते झाड पुन्हा वाढायला पन्नास वर्षे लागतात आणि तोपर्यंत हिशेब उधारीतच राहतो. शेणाची किंवा खरकट्याची टाकी एका अर्थाने दुप्पट उपयोगी ठरते, कारण उघड्यावर कुजणाऱ्या ढिगातून सुटणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा असतो आणि टाकी तो पकडून जाळते. पण तीच टाकी किंवा नळी गळकी असेल तर फायद्याचे रूपांतर तोट्यात व्हायला वेळ लागत नाही.

शेतातून सगळेच काड उचलून नेण्याचाही प्रश्न आहे. जमिनीतला सेंद्रिय कर्ब याच काडाकचऱ्यातून भरून येतो. टाकीचा मार्ग येथे उजवा ठरतो, कारण टाकीतून वायूच्या रूपाने कार्बन जातो, पण नत्र, स्फुरद आणि पालाश स्लरीत, म्हणजे टाकीतून बाहेर येणाऱ्या रबडीत, जवळजवळ जसेच्या तसे शिल्लक राहतात आणि शेतात परत घालता येतात. भट्टीतून मात्र नत्र धुराबरोबर जातो आणि राखेत पालाश व स्फुरद तेवढे उरतात. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा जाळतात, तेव्हा राखेचा हाच गुण वापरला जातो.

तर मग बांधावरच्या त्या द्राक्षाच्या काड्यांचे काय करावे? ज्या बागेपासून पाच-दहा किलोमीटरांवर ब्रिकेट करणारा किंवा वाफेचा बॉयलर चालवणारा उद्योग आहे, तिथे गावातल्या बागाईतदारांनी मिळून ट्रॅक्टरवर चालणारे काड्या बारीक करणारे यंत्र घेणे आणि वाळवलेला चुरा त्या उद्योगाला विकणे हिशेबात बसू शकते. तुकडे केल्याने ट्रॉलीत मावणारे वजन वाढते आणि फेऱ्या कमी होतात. जिथे असा गिऱ्हाईक जवळ नाही, तिथे तेच यंत्र ओळींमधून फिरवून चुरा वेलींच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरणे अधिक शहाणपणाचे आहे. त्याने उन्हाळ्यात पाणी वाचते आणि पुढे दोन-तीन वर्षांत, बुरशांच्या मदतीने, टाकीतल्या जिवाणूंना न पचणारे लिग्निनही मातीत मुरते. रोगट काड्या मात्र बागेत ठेवू नयेत. त्या आधी वेचून बाजूला काढाव्यात आणि बांधावर पेटवण्याऐवजी वाळवून चुलीत किंवा भट्टीत घालाव्यात.